डोळ्यांच्या भरवशावरचं आकाश

नकाशावर मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांमध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती देऊळगाव राजाजवळून बुलढाणा जिल्ह्यात शिरते आणि मेहकरच्या अंगाने बाहेर पडते. खरे हवाई मार्ग पट्टीने आखलेले नसतात, थोडे इकडेतिकडे वळतात. पण मुंबईहून नागपूर, रायपूर, कोलकात्याकडे जाणारी आणि तिकडून येणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातात, हे शेतात कपाळावर हात धरून वर पाहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचं तर जिल्ह्याबाहेर जावं लागतं. म्हणजे आपल्या वाट्याला विमानतळ आला नाही, फक्त आकाश आलं.

या आकाशात एक शिस्त आहे. पूर्वेकडे निघालेलं विमान 31, 33, 35 हजार फूट अशा विषम हजारांवर उडतं आणि पश्चिमेकडे निघालेलं 30, 32, 34 अशा सम हजारांवर. मुंबईचं विमान आणि नागपूरचं विमान मेहकरच्या वर समोरासमोर आली, तर त्यांच्यात एक हजार फूट, म्हणजे जेमतेम 300 मीटर अंतर असतं. 27 नोव्हेंबर 2003 च्या आधी 29 हजार फुटांच्या वर हे अंतर दोन हजार फूट ठेवावं लागे. उंची मोजणारी उपकरणं सुधारली, त्यावर विश्वास बसला, म्हणून ते निम्म्यावर आणता आलं. यात वैमानिकाच्या नजरेवर काहीही सोडलेलं नाही. त्याला समोरचं विमान दिसो वा न दिसो, ते त्याच्या उंचीवर असताच कामा नये.

ही व्यवस्था उभी राहायला पन्नासेक वर्षं लागली. त्याआधी, आणि काही ठिकाणी आजही, दोन विमानांनी एकमेकांना चुकवायचं काम वैमानिकांच्या डोळ्यांवर सोडलेलं होतं. तो भरवसा मुळातच चुकीचा होता, असं माझं ठाम मत आहे. वैमानिक आळशी किंवा बेसावध होते असं मुळीच नाही. माणसाचा डोळाच या कामाला पुरत नाही, आणि हे मान्य करायला जगाने फार मोठी किंमत मोजली.

आपल्याकडची सुरुवात नागपूरपासून करायला हवी. 1949 साली, रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघायचं. चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर जमायची, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत. कलकत्त्यात संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत मिळायचं ते या सोयीमुळे. मुंबईचं विमान नागपूरला जाताना आणि येताना, असं रात्रीतून दोनदा आपल्या भागावरून जायचं. ही विमानं बहुधा डाकोटा असत, दोन इंजिनांची. आजच्या विमानांच्या तुलनेत त्यांचा वेग एक तृतीयांश.

चार दिशांनी चार विमानं काळोखात एकाच ठिकाणी येत आहेत आणि जमिनीवर रडार नाही. मग ती एकमेकांवर का आदळत नव्हती? कारण जमिनीवरचा कंट्रोलर त्यांच्या उंच्या आणि वेळा वेगळ्या ठेवी. वैमानिक रेडिओवर सांगे की अमुक ठिकाण अमुक वाजता ओलांडलं, उंची इतकी, पुढचं ठिकाण इतक्या वाजता येईल. कंट्रोलर ते कागदाच्या पट्टीवर लिही आणि पट्ट्या एकाखाली एक लावून मनातल्या मनात आकाश उभं करी. हे काम डोळ्याचं नव्हतं, हिशोबाचं होतं, आणि विमानं थोडी असल्यामुळे हिशोब जमत होता. मात्र हवा स्वच्छ असेल आणि वैमानिक या हिशोबाबाहेर उडत असेल, तर जगभर एकच नियम लागू होता: बाहेर पाहा आणि टाळा.

या नियमाला पहिला जबर तडा गेला अमेरिकेत. 30 जून 1956 रोजी सकाळी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने दोन विमानं निघाली. एक टीडब्ल्यूए कंपनीचं सुपर कॉन्स्टलेशन, कॅन्सस सिटीला जाणारं. दुसरं युनायटेडचं डीसी-7, शिकागोला जाणारं. युनायटेडचं विमान 21 हजार फुटांवर होतं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने 19 हजारांवरून 21 हजारांवर जाण्याची परवानगी मागितली. वर दुसरं विमान आहे म्हणून ती नाकारली गेली. मग त्याने ढगांच्या माथ्यापासून एक हजार फूट वर राहून उडण्याची मुभा मागितली, आणि ती मिळाली. अशा मुभेचा अर्थ इतकाच होता की आता समोरच्याला पाहून टाळणं ही तुमची जबाबदारी. दोन्ही विमानं ग्रँड कॅन्यनच्या वर 21 हजार फुटांवर एकमेकांवर आदळली. 128 माणसं गेली, एकही वाचलं नाही. चौकशीचा निष्कर्ष असा की वैमानिकांनी एकमेकांना वेळेत पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे ठरवता आलं नाही. पुढे 1958 साली अमेरिकेत हवाई वाहतुकीचा नवा कायदा झाला आणि त्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. मोठी प्रवासी विमानं हळूहळू कंट्रोलरच्या कायमच्या देखरेखीखाली आली.

‘का पाहिलं नाही’ या प्रश्नाचं उत्तर पुढच्या काही दशकांत मिळत गेलं, आणि त्यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे.

दोन आधुनिक प्रवासी विमानं समोरासमोर येत असतील, तर त्यांचा एकत्रित वेग ताशी 1,650 किलोमीटरच्या घरात जातो, म्हणजे सेकंदाला सुमारे 460 मीटर. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेल्या एका पत्रकात दिसण्यापासून वळण्यापर्यंत लागणारा वेळ मांडलेला आहे. वस्तू नजरेत यायला एक दशांश सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला एक सेकंद, ते आपल्यावरच येतंय हे कळायला पाच, कुठे वळायचं हे ठरवायला चार, हातपाय हलायला 0.4, आणि हललेल्या दांड्याला विमानाने प्रतिसाद द्यायला दोन. एकूण साडेबारा सेकंद. एवढ्या वेळात त्या दोन विमानांमधलं पावणेसहा किलोमीटर अंतर संपलेलं असतं. म्हणून वैमानिकाला समोरचं विमान पावणेसहा किलोमीटरच्या आधीच दिसायला हवं. इतक्या दुरून समोरून येणाऱ्या एअरबसचं धड केवढं दिसतं? ते चार मीटर रुंद असतं. अंगणाच्या एका टोकाला उभं राहून 19 फुटांवरच्या भिंतीला चिकटवलेला ज्वारीचा एक दाणा पाहावा, तेवढं. आणि तो दाणा कुठल्या भिंतीवर आहे हेही आधी ठाऊक नसतं.

शिवाय तो दाणा हलत नाही. ही सगळ्यात घातक गोष्ट आहे. आपली नजर हलणाऱ्या वस्तूकडे ओढली जाते. झुडपात बसलेला ससा दिसत नाही, पळाला की दिसतो. पण जे विमान आपल्यावर आदळणार असतं, ते काचेवर एकाच जागी स्थिर राहतं. सरळ आणि ठरावीक वेगाने उडणारी दोन विमानं एकाच बिंदूकडे निघालेली असतील, तर एकमेकांच्या दृष्टीने त्यांची दिशा बदलतच नाही. काचेवर सरकताना दिसणारं विमान धोक्याचं नसतं. धोक्याचं असतं ते न सरकणारं, आणि ते शेवटच्या दोन-तीन सेकंदांपर्यंत ठिपकाच राहतं. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो, त्यामुळे सगळी वाढ अगदी शेवटी, एकदम होते. तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

त्यात डोळ्याच्या स्वतःच्या मर्यादा आहेत. बारीक तपशील दिसेल असा नजरेचा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. बाकी सगळं धूसर. निळ्या, रिकाम्या आकाशाकडे पाहताना डोळ्याला धरायला काही नसतं, म्हणून तो आपोआप दीड-दोन मीटरवर स्थिरावतो आणि दूरचा ठिपका आणखी पुसट होतो. कॉकपिटच्या काचेचे खांब आडवे येतात. पंख आणि नाक खालचं बरंच काही झाकतात. ऑस्ट्रेलियाच्या हवाई अपघात तपास संस्थेने 1991 साली या साऱ्याचा अभ्यास करून अहवाल काढला, त्याचा सूर स्पष्ट होता: पाहा आणि टाळा हा उपाय विसंबून राहण्याजोगा नाही. विमान कुठे आहे हे आधी सांगितलं, तर सापडण्याची शक्यता बरीच वाढते, हेही त्यात होतं. पण सांगूनही काय होतं, ते सॅन डिएगोने तोवर दाखवून दिलं होतं.

25 सप्टेंबर 1978. कॅलिफोर्नियात लख्ख ऊन, सकाळचे नऊ. पीएसए कंपनीचं बोइंग 727 सॅन डिएगोला उतरत होतं. पुढे एक छोटं सेसना 172 होतं. कंट्रोलरने बोइंगच्या वैमानिकांना त्याची माहिती पुन्हा पुन्हा दिली. ते दिसतंय, असं उत्तर आलं. तेव्हा नजरेने अंतर राखा, अशी सूचना झाली आणि कंट्रोलरच्या डोक्यावरचा भार उतरला. थोड्या वेळाने कॉकपिटमध्ये चर्चा चालू होती की ते सेसना गेलं कुठे. बहुधा उजवीकडून मागे पडलं असावं, असा समज झाला. प्रत्यक्षात ते त्यांच्या खाली आणि समोर होतं. टकरीच्या 19 सेकंद आधी नियंत्रण केंद्रात संगणकाने धोक्याचा इशारा दिला होता. तो कुणी वैमानिकांपर्यंत पोचवला नाही, कारण वैमानिकाने विमान दिसल्याचं सांगितलेलं होतं. दोन्ही विमानांतले मिळून 137 आणि जमिनीवरचे सात, असे 144 जीव गेले.

हा अपघात मला ग्रँड कॅन्यनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तिथे कुणी कुणाला पाहिलंच नाही. इथे पाहिलं होतं. आणि एकदा पाहिलं, एवढ्याने सगळी यंत्रणा निर्धास्त झाली. यंत्र ओरडत होतं तरी माणसाच्या ‘दिसलं’ या शब्दाला जास्त वजन मिळालं.

आता आपल्या देशातली ती संध्याकाळ.

12 नोव्हेंबर 1996, मंगळवार. दिल्लीहून सौदिया कंपनीचं बोइंग 747 धहरानमार्गे जेद्दाला निघालं, वेळ संध्याकाळी 6 वाजून 32 मिनिटं. आत 312 माणसं, त्यात आखातात पोटासाठी निघालेले आपले कामगार मोठ्या संख्येने. त्याच वेळी कझाकस्तानच्या शिमकेंतहून एक इल्युशिन 76 दिल्लीकडे येत होतं, त्यात 37 जण. तेव्हा दिल्लीला पश्चिमेकडून येणाऱ्या आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती, कारण आसपासचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. येणारं आणि जाणारं विमान एकाच पट्ट्यात समोरासमोर यायचं आणि त्यांच्यात अंतर ठेवलं जायचं ते फक्त उंचीचं.

कंट्रोलरने सौदियाला 14 हजार फुटांवर थांबवलं होतं. इल्युशिनला 15 हजार फुटांपर्यंत उतरायची परवानगी होती. एक हजार फूट अंतर, नियमाप्रमाणे. इल्युशिनकडून 15 हजारांवर पोचल्याचा निरोप आला. मग कंट्रोलरने त्यांना सावध केलं: बरोबर समोर, उलट दिशेने, सौदियाचं बोइंग 747. दिसल्यावर कळवा. पलीकडून अंतर विचारलं गेलं. त्याने चौदा मैल, मग तेरा मैल सांगितलं आणि समोरच्याची उंची 14 हजार असल्याचंही सांगितलं. पुढे दोन्हीकडून काहीच ऐकू आलं नाही.

दिल्लीत नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. पावणेसात वाजायला आलेले, म्हणजे काळोख पडलेला. त्या उंचीवर ढगही होते. काळोखात समोरून येणाऱ्या दिव्यावरून तो किती लांब आहे आणि आपल्यापेक्षा वर आहे की खाली, हे माणसाला सांगता येत नाही. दिसल्यावर कळवा, या सूचनेमागचा कंट्रोलरचा हेतू चांगला होता. त्याच्या हातात दुसरं होतंच काय? त्याच्या पडद्यावर जुनं रडार होतं, ते विमान कुठे आहे ते दाखवी, किती उंचीवर आहे ते दाखवत नसे. उंची सांगणारं दुय्यम रडार अजून कामाला लागलेलं नव्हतं. इल्युशिन 15 हजारांवर थांबलं आहे की आणखी खाली आलं आहे, हे कळायला त्याच्याकडे वैमानिकाच्या शब्दाखेरीज काहीही नव्हतं.

आणि इल्युशिन थांबलेलं नव्हतं. ते खाली येतच राहिलं, 14 हजारांच्या आसपास पोचलं. त्या विमानात कंट्रोलरशी बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं. त्याच्यापुढे स्वतःचा उंचीदर्शक नव्हता, वैमानिकांच्या खांद्यांवरून डोकावून त्यांचं उपकरण पाहावं लागे. इंग्रजी जेमतेम. शेवटच्या क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपण ठरलेल्या उंचीच्या खाली आहोत आणि तो वर चढा म्हणाला. विमान थोडं वर उचललं गेलं. ते तसंच खाली उतरत राहिलं असतं, तर कदाचित सौदियाच्या खालून निघून गेलं असतं. त्याच्या शेपटाने बोइंगचा डावा पंख कापला.

जवळच अमेरिकी हवाई दलाचं एक मालवाहू विमान दिल्लीकडे येत होतं. त्याच्या वैमानिकांना ढगातून नारिंगी उजेड पसरताना दिसला आणि त्यांनी दिल्लीला कळवलं. बोइंग हरियाणात चरखी दादरीजवळ ढाणी गावाच्या शिवारात पडलं, इल्युशिन बिरोहर गावाजवळ. 349 माणसं गेली. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन एवढे जीव जाण्याची घटना जगात ना त्याआधी घडली, ना त्यानंतर.

चौकशी न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्याकडे होती, पुढे ते सरन्यायाधीश झाले. ठरवून दिलेली उंची सोडून इल्युशिन खाली आलं, हा मुख्य दोष त्यांनी नोंदवला. पण दोष सांगून ते थांबले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, दिल्लीला उंची दाखवणारं रडार चालू झालं, आणि भारतात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा बसवणं भारताने सक्तीचं केलं.

टीकॅस काय करते ते थोडक्यात. प्रत्येक मोठ्या विमानात ट्रान्सपाँडर नावाचं उपकरण असतं, ते विचारलं की आपली उंची सांगतं. टीकॅस आसपासच्या विमानांना सेकंदासेकंदाला विचारत राहते आणि टकरीला किती वेळ उरला याचा हिशोब मांडते. चाळीसेक सेकंद उरले की कॉकपिटमध्ये आवाज देते. पंचवीस-तीस सेकंद उरले की एका विमानाला वर जायला सांगते आणि त्याच क्षणी दुसऱ्याला खाली. दोन यंत्रं आपापसात ठरवतात, म्हणून दोघंही एकाच बाजूला वळत नाहीत. ढग, काळोख, ऊन यांचा तिला अडथळा नाही. ही कल्पना ग्रँड कॅन्यननंतरच पुढे आली होती. अमेरिकेत ती सक्तीची व्हायला मात्र 1986 साली लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एरोमेक्सिकोचं डीसी-9 आणि एक खाजगी पायपर यांची टक्कर होऊन 82 माणसं जावी लागली. यंत्र आलं तरी त्याचं ऐकायचं की कंट्रोलरचं, हा घोळ राहिलाच. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनच्या वर यंत्राने एका वैमानिकाला वर जायला सांगितलं आणि कंट्रोलरने खाली. त्याने कंट्रोलरचं ऐकलं. 71 जण गेले, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं बरीच. त्यानंतर जगभर नियम पक्का झाला: टीकॅसने सांगितलं की तेच करायचं.

त्याच वर्षी गोव्यात जे झालं, ते वेगळ्या प्रकारचं. 1 ऑक्टोबर 2002. नौदलाच्या 315 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला त्या दिवशी पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरची ही तुकडी, इल्युशिन 38 जातीची समुद्री टेहळणी विमानं चालवणारी. नौदलाकडे अशी पाचच विमानं होती. रौप्यमहोत्सवाच्या उड्डाणात त्यातली दोन एकमेकांना धडकली. दोन्ही विमानांतले बाराही जण आणि खाली जमिनीवर असलेले तिघे गेले.

तालबद्ध ताफ्यात उडणं हा डोळ्याच्या भरवशाचा सगळ्यात शुद्ध नमुना आहे. मागच्या वैमानिकाने पुढच्याच्या पंखावर नजर ठेवायची, हाताने सतत बारीक सुधारणा करत राहायचं. इथे अनोळखी विमान शोधायचं नसतं, ते कुठे आहे ते पक्कं माहीत असतं. तरीही चार इंजिनांच्या आणि 37 मीटर रुंद पंखांच्या विमानाला जवळ आलो म्हटल्यावर पटकन बाजूला होता येत नाही. दांडा हलवल्यावर ते वेळ घेतं. खालून-वरून जाताना समोरचं विमान स्वतःच्याच पंखाआड जातं. जे कसबी लोक रोज हेच काम करतात, त्यांनाही नजर दगा देऊ शकते. पुढे 2012 च्या ऑगस्टमध्ये जामनगरला हवाई दलाची दोन एमआय-17 हेलिकॉप्टरं धडकून नऊ जण गेले. 2019 च्या फेब्रुवारीत बंगळूरला सूर्यकिरण पथकाची दोन विमानं सरावात धडकली. 2023 च्या जानेवारीत ग्वाल्हेरहून निघालेली सुखोई आणि मिराज ही लढाऊ विमानं आदळली. या सगळ्यांत प्रशिक्षित, तरबेज माणसं होती.

आपल्या आकाशात यंत्राने वाचवल्याचं उदाहरणही आहे. 7 फेब्रुवारी 2018, रात्री आठच्या सुमारास, एअर इंडियाचं मुंबई-भोपाळ आणि विस्ताराचं दिल्ली-पुणे विमान एकमेकांच्या वाटेत आली. एअर इंडियाचं 27 हजार फुटांवर होतं. विस्ताराचं 29 हजारांवर असायला हवं होतं, ते 27 हजार 100 पर्यंत उतरलं. दोघांमधलं उभं अंतर शंभर फूट उरलं. टीकॅसने आवाज दिला, एअर इंडियाच्या महिला कमांडरने तो सांगेल तसं विमान वळवलं आणि दोन्ही विमानं सुखरूप उतरली. काळोखात, त्या वेगाने, नजरेच्या भरवशावर हे निभावलं नसतं.

एवढं सगळं शिकल्यावर 29 जानेवारी 2025 ची रात्र यायला नको होती. वॉशिंग्टनच्या विमानतळावर उतरणारं एक छोटं प्रवासी जेट आणि अमेरिकी लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीच्या वर एकमेकांवर धडकली. 67 जण गेले. कंट्रोलरने हेलिकॉप्टरला जेटची माहिती दिली होती. दिसतंय, नजरेने अंतर राखू द्या, असं हेलिकॉप्टरने एकदा नव्हे, दोनदा मागितलं आणि दोन्ही वेळा ते मंजूर झालं. शहराच्या हजारो दिव्यांत, एकामागून एक उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत त्यांनी नेमकं कुठलं विमान पाहिलं होतं? जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली टीकॅस वर-खाली जाण्याची आज्ञा देत नाही, कारण खाली जमीन असते. जेटच्या कॉकपिटमध्ये तिने धोक्याची सूचना तेवढी दिली. आणि आपली जागा आजूबाजूला प्रसारित करणारी एडीएस-बी यंत्रणा हेलिकॉप्टरवर त्या वेळी प्रसारण करत नव्हती. सॅन डिएगोनंतर 46 वर्षांनी, तीच गोष्ट.

हे सगळं बुलढाण्याच्या वाचकाला का सांगायचं? 30 हजार फुटांवरून जाणाऱ्या मोठ्या विमानांची मला काळजी नाही. तिथे रडार आहे, कंट्रोलर आहे, टीकॅस आहे. काळजी आहे ती खालच्या आकाशाची. अमरावतीचं बेलोरा विमानतळ 16 एप्रिल 2025 रोजी सुरू झालं, आणि मुंबई-अमरावतीची एटीआर विमानं मोठ्या जेटपेक्षा खालून उडतात. एअर इंडियाने वैमानिक घडवणारी संस्था तिथेच उभारायचं ठरवलं आहे. शिरपूर, जळगाव, गोंदिया इथे शिकाऊ विमानं उडतात. शिकाऊ वैमानिक लांबच्या एकट्या उड्डाणाला निघतो तेव्हा तो नकाशावरच्या खुणा ओळखत जातो, आणि वरून लोणारच्या सरोवराइतकी ठळक खूण या भागात दुसरी नाही. निवडणूक आली की शेतात हेलिपॅड आखले जातात आणि एकाच दिवशी मेहकर, चिखली, खामगावला हेलिकॉप्टरं उतरतात. ही सारी उड्डाणं बहुतांशी स्वच्छ हवेत, खालच्या उंचीवर, बाहेर पाहून होतात. आज त्यांची गर्दी नाही म्हणून निभावतं आहे. नागपूरच्या सोनेगावात 1949 साली चार विमानं होती तेव्हाही निभावत होतं.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आणि विदर्भात नव्या धावपट्ट्या, नव्या प्रशिक्षण संस्था आणणाऱ्या राज्य सरकारकडे एक मागणी आहे. या भागातल्या खालच्या आकाशात उडणाऱ्या प्रत्येक विमानाने आणि हेलिकॉप्टरने, शिकाऊ असो की मंत्र्यांचं, आपली जागा आणि उंची सांगणारं उपकरण चालू ठेवूनच उडावं, आणि दुसऱ्यांची जागा दाखवणारा पडदा त्याच्या कॉकपिटमध्ये असावा. सभेची वेळ गाठायची आहे किंवा उड्डाणाचे तास भरायचे आहेत म्हणून त्यातून सूट मिळू नये. विदर्भातलं हे आकाश अजून मोकळं आहे, तोवरच हा नियम लावून घ्यावा.